गल्लीतला रस्ता आणि प्रभाग समिती

शहरातील रस्ता ही सर्वांच्या डोळ्यांसमोर असलेली आणि तरीही फारशी कोणाच्या विचारात नसलेली मालमत्ता आहे. घर बांधताना माणूस इंच इंच जागेचा हिशेब करतो. परंतु दाराबाहेरच्या रस्त्याचा वापर कोणी, किती आणि कशासाठी करावा, हा प्रश्न त्याला सहसा पडत नाही. तो पडतो तेव्हा उशीर झालेला असतो. दुकानापुढे मालाचा टेम्पो उभा आहे, त्याच्या मागे रिक्षा अडकली आहे, तिच्या मागे रुग्णवाहिका घंटी वाजवीत आहे आणि पदपथावर दुचाक्यांची रांग असल्याने शाळेतली मुले भर रस्त्यातून चालली आहेत, असे दृश्य रोजचे झाले म्हणजे मग विचारणा सुरू होते: हे सगळे ठरवते तरी कोण?

या प्रश्नाचे उत्तर भारताच्या संविधानात आहे. १९९२ साली संसदेने ७४ वी घटनादुरुस्ती संमत केली आणि १ जून १९९३ पासून ती अमलात आली. तिने संविधानाला बारावी अनुसूची जोडली. नगरपालिकांकडे सोपवता येतील अशा अठरा विषयांची ही यादी आहे. त्यात रस्ते व पूल हा एक विषय आहे. आणि रस्त्यावरील दिवे, वाहनतळ, बसथांबे व सार्वजनिक सोयी हा दुसरा. म्हणजे गाडी कोठे उभी करावी ही वरवर क्षुल्लक वाटणारी बाब देशाच्या संविधानाने नावानिशी नोंदलेली आहे. याच दुरुस्तीने तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरात प्रभाग समित्या नेमण्याची तरतूद केली. एवढ्या मोठ्या शहराचा कारभार एकाच सभागृहातून चालला, तर गल्लीतल्या माणसाचा आवाज तेथवर पोहोचत नाही, हे त्यामागचे कारण होते.

प्रत्येक राज्याने या समित्यांची रचना आपापल्या कायद्याने केली आहे. त्यामुळे दिल्ली, इंदूर किंवा बडोदा येथे राहणाऱ्या मराठी माणसाला आपल्या शहराची पद्धत थोडी निराळी आढळेल. येथे उदाहरण म्हणून पुणे शहर घेतले आहे. पुण्याला नागरी कारभाराची जुनी परंपरा आहे. तेथे १८५७ साली नगरपालिका स्थापन झाली. महात्मा जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे तिचे सभासद होते. १५ फेब्रुवारी १९५० रोजी तिची महानगरपालिका झाली. सायकलींचे शहर म्हणून ज्याची ख्याती होती, तेच शहर पुढे दुचाक्यांनी आणि मोटारींनी गजबजून गेले. त्यामुळे रस्त्याच्या जागेवरून होणारे तंटे समजून घेण्यास याहून योग्य शहर मिळणे कठीण.

पुण्याचा कारभार महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ या कायद्याप्रमाणे चालतो. सर्व नगरसेवक मिळून होणाऱ्या सभेला पुण्यात 'मुख्य सभा' म्हणतात. खर्चाला व निविदांना मंजुरी देणारी स्थायी समिती सोळा सभासदांची असते आणि त्यांतील निम्मे सभासद दरवर्षी निवृत्त होतात. रस्तारुंदीसारखे विषय शहर सुधारणा समितीपुढे येतात. या सर्वांच्या खाली, नागरिकाच्या सर्वांत जवळ, प्रभाग समिती असते. क्षेत्रीय कार्यालयाच्या हद्दीतील नगरसेवक, त्या हद्दीचा कारभार पाहणारा अधिकारी आणि तेथे काम करणाऱ्या मान्यताप्राप्त सामाजिक संस्थांमधून नेमलेले जास्तीत जास्त तीन सभासद अशी तिची घडण आहे. अध्यक्ष मात्र निवडून आलेल्या नगरसेवकांपैकीच एक असतो.

या समितीचे अधिकार ऐकून पुष्कळांची निराशा होते. नागरिकांच्या तक्रारींचे लवकर निवारण करणे, प्रभागातील खर्चाच्या अंदाजपत्रकाबाबत शिफारशी करणे आणि अंदाजपत्रकात तरतूद असलेल्या लहान कामांना मंजुरी देणे, एवढेच मुख्यतः तिच्या हाती आहे. लहान कामांची ही मर्यादा कायद्यात सुरुवातीला पाच लाख रुपये ठेवण्यात आली होती. पाच लाखांत पूल होत नाही, हे खरे. परंतु गतिरोधक, पदपथाची दुरुस्ती, झेब्राचे पट्टे, मोटारींना पदपथावर चढू न देणारे छोटे खांब ही कामे होतात. आणि वृद्ध माणसाच्या दृष्टीने शहर चांगले की वाईट, हे बहुधा अशाच कामांवरून ठरते.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण तिच्या अज्ञानामुळे अर्जांचे कागद वर्षानुवर्षे चुकीच्या टेबलावर पडून राहतात. रस्ता महानगरपालिकेचा असला, तरी त्यावरील वाहतुकीचे नियमन पोलिसांकडे असते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ या केंद्रीय कायद्यान्वये विशिष्ट रस्त्यावर वाहनांना बंदी घालणे आणि वाहने उभी करण्याच्या जागा ठरवणे हे अधिकार राज्य शासनाला किंवा त्याने प्राधिकृत केलेल्या यंत्रणेला आहेत. जागा ठरवताना स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करावा, असेही तो कायदा सांगतो. म्हणून 'वाहने उभी करण्यास मनाई' हा आदेश वाहतूक पोलीस काढतात, त्याचा फलक व रंगाचे पट्टे महानगरपालिका लावते आणि आदेश मोडणाऱ्याची गाडी उचलून नेतात ते पुन्हा पोलीसच. दोन खात्यांचा हा संसार आहे. एकाने फलक लावावा आणि दुसऱ्याने आदेशच काढू नये, किंवा आदेश निघावा आणि फलकाला महिनोन् महिने मुहूर्त मिळू नये, असे प्रकार म्हणूनच घडतात.

आता एखाद्या तक्रारीचा प्रवास पाहू. त्यासाठी एका काल्पनिक गल्लीचा विचार करावा. जुन्या पेठेतला हा रस्ता नऊ मीटर रुंद आहे. दोन्ही बाजूंना दीड-दीड मीटरचा पदपथ वजा केला, तर वाहनांसाठी सहा मीटर उरतात. दोन्ही कडांना मोटारी उभ्या राहिल्या, की प्रत्येक बाजूचे साधारण दोन मीटर गेले. मध्ये उरले दोन मीटर. अग्निशमन दलाच्या गाडीची रुंदी सुमारे अडीच मीटर असते. याचा अर्थ असा, की त्या गल्लीत रात्री एखाद्या घराला आग लागली, तर बंब चौकातच अडकेल आणि नळ्या हातांनी ओढत न्याव्या लागतील. मोटारी उभ्या करणाऱ्यांपैकी एकाच्याही मनात कोणाचे वाईट करण्याचा विचार नसतो. प्रत्येकाने फक्त आपल्या घरासमोर आपली गाडी ठेवलेली असते.

अशा गल्लीतील रहिवाशांनी केवळ 'वाहतुकीचा त्रास होतो' असा अर्ज दिला, तर तो बहुधा नोंद होऊन राहतो. उलट रस्त्याची रुंदी, पदपथाची रुंदी, कोणत्या वेळी किती वाहने उभी असतात, शाळा किंवा दवाखाना किती अंतरावर आहे, हे मोजून लिहिलेला अर्ज अधिकाऱ्याला बाजूला सारता येत नाही. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात दाखल होतो. तेथून कनिष्ठ अभियंत्याला जागेची पाहणी करण्यास सांगितले जाते. पुष्कळदा वाहतूक शाखेचा अधिकारीही बरोबर असतो. त्यांचा अहवाल आला, की विषय समितीच्या कार्यपत्रिकेवर घेतला जातो. कार्यपत्रिका म्हणजे सभेत कोणते विषय कोणत्या क्रमाने चर्चेला येणार, याची आधी पाठवलेली यादी. यादीत नसलेल्या विषयावर ठराव करून घेणे सोपे नसते. म्हणून जाणता कार्यकर्ता सभेच्या दिवशी भाषण करण्यापेक्षा कार्यपत्रिका तयार होण्याच्या आधीच्या आठवड्यात कार्यालयात अधिक दिसतो.

सभेला ठरलेली गणसंख्या नसेल, तर ती तहकूब होते. गणसंख्या भरली, की मागील सभेचे इतिवृत्त कायम केले जाते आणि विषय पुकारले जातात. एक सभासद ठराव मांडतो, त्याला सूचक म्हणतात. दुसरा त्याला दुजोरा देतो, तो अनुमोदक. कोणी उपसूचना आणतो. कोणी प्रशासनाचा अभिप्राय मागवण्याची सूचना करतो आणि विषय पुढे ढकलला जातो. 'अभिप्राय मागवावा' हे दोन शब्द फार उपयोगी आहेत. प्रामाणिक शंकेसाठी ते वापरले जातात, तसेच कोणाला नाही म्हणण्याचे धैर्य नसले तरीही वापरले जातात.

काल्पनिक गल्लीचा विषय पुकारला गेला, म्हणजे सभागृहात निदान चार बाजू उभ्या राहतात. रहिवाशांना आपली गाडी रात्री घरापाशी हवी असते. दुकानदाराला दिवसा गिऱ्हाइकाची गाडी दारात थांबायला हवी असते. गाडी थांबली नाही तर गिऱ्हाईक दुसऱ्या पेठेत जाईल, ही त्याची भीती खोटी म्हणता येत नाही. शाळेत मुले सोडणाऱ्या पालकांना सकाळची अर्धी घटका पुरते. आणि कोपऱ्यावर पाटी घेऊन बसणारी भाजीवाली असते. तिची बाजू सभेत मांडायला सहसा कोणी आलेले नसते. पुष्कळदा अडथळा म्हणून सर्वांत आधी तिच्याकडेच बोट दाखवले जाते. एक मोटार जेवढी जागा घेते, तेवढ्यात तिच्यासारख्या अनेक जणी बसू शकतील, हा हिशेब कोणी मांडत नाही.

वास्तविक फेरीवाल्यांच्या बाबतीत कायदा बराच स्पष्ट झाला आहे. रस्त्यावर व्यवसाय करणे हा वाजवी निर्बंधांच्या अधीन असलेला मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली सोदान सिंग खटल्यात मान्य केले. पुढे २०१४ साली संसदेने पथविक्रेत्यांसाठी स्वतंत्र कायदा केला. त्यानुसार प्रत्येक शहरात नगर पथविक्रेता समिती असावी लागते. तिचा अध्यक्ष आयुक्त किंवा मुख्य अधिकारी असतो. तिच्यात किमान ४० टक्के सभासद विक्रेत्यांनी आपल्यातून निवडलेले असतात आणि त्यांपैकी एकतृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. विक्रेत्याला दुसऱ्या जागी हलवायचे झाल्यास तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते. म्हणजे प्रभाग समितीने भाजीवालीला हटवण्याचा ठराव एका बैठकीत केला, तरी तेवढ्याने तिची पाटी उचलता येत नाही.

चार बाजूंतून वाट काढण्यासाठी पुण्यात एक साधी युक्ती वर्षानुवर्षे वापरली जाते. रस्त्याच्या एका कडेला 'पी १' आणि समोरच्या कडेला 'पी २' असे फलक असतात. एका बाजूस विषम तारखांना, दुसऱ्या बाजूस सम तारखांना वाहने उभी करायची. वर मोजलेल्या गल्लीत हा नियम पाळला, तर मध्ये दोनऐवजी चार मीटर वाट राहते आणि बंब आत जाऊ शकतो. शिवाय आपल्याच दुकानापुढे कायमची गर्दी होते, अशी तक्रार करायला कोणा दुकानदाराला जागा राहत नाही. त्रास आणि सोय दोन्ही दिवसाआड वाटली जातात. बाहेरगावचा पाहुणा तारीख विसरून दंड भरतो ही गोष्ट निराळी. असा बदल करताना आधी तात्पुरता आदेश काढून नागरिकांच्या हरकती व सूचना मागवतात आणि त्यांचा विचार करून अंतिम आदेश देतात. या काळात लेखी हरकत न देता नंतर चौकात तक्रार करणारे लोक प्रत्येक गल्लीत असतात.

गाडी उभी करण्यासाठी पैसे घ्यावेत की नाही, हा या सर्वांतला अवघड प्रश्न आहे. इमारतींच्या नियमांत मोटारीसाठी अडीच मीटर रुंद व पाच मीटर लांब जागा धरतात. ही जागा साडेबारा चौरस मीटर, म्हणजे सुमारे १३५ चौरस फूट झाली. शहरातील कितीतरी कुटुंबांची राहण्याची खोली याहून मोठी नसते. त्या खोलीला भाडे पडते. बाहेरच्या तेवढ्याच सार्वजनिक जागेला मात्र काही पडत नाही. तेवढ्या जागेत सहा दुचाक्या मावतात. केंद्र शासनाच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने याच विसंगतीवर बोट ठेवले आणि वाहनतळाचे शुल्क जमिनीच्या मोलाशी जुळणारे असावे, असे सुचवले. युक्तिवाद बिनतोड आहे; पण तो मतदाराच्या गळी उतरवणे निवडून आलेल्या माणसाला सोपे नाही.

पुण्यात त्याचा प्रत्यय आला. प्रशासनाने रस्त्यांवरील वाहनांना शुल्क आकारण्याचे धोरण तयार केले आणि मार्च २०१८ मध्ये ते मुख्य सभेपुढे आले. विरोध मोठा झाला. सार्वजनिक बससेवा सुधारल्याशिवाय खाजगी वाहनवाल्याला पैसे का भरायला लावता, हा विरोधकांचा प्रश्न निरर्थक नव्हता. आणि खाजगी वाहनांनी रस्ते व्यापले असताना बस वेळेवर धावणार कशी, हा समर्थकांचा प्रतिप्रश्नही खराच होता. अखेर सभेने धोरण मंजूर केले, परंतु सरसकट नव्हे. आधी पाच रस्त्यांवर प्रायोगिक स्वरूपात ते राबवावे, असे ठरले. निर्णय झाला आणि अंमलबजावणी मात्र रेंगाळली. मोठ्या सभागृहातील तडजोडी अनेकदा अशाच असतात: दोन्ही पक्षांना घरी जाताना जिंकल्यासारखे वाटते आणि रस्ता होता तसाच राहतो.

अन्य शहरांनी अन्य वाटा धरल्या. मुंबईत जुलै २०१९ मध्ये महानगरपालिकेने आपल्या सार्वजनिक वाहनतळांपासून ५०० मीटरच्या आत रस्त्यावर बेकायदा गाडी ठेवणाऱ्यास हजारो रुपयांचा दंड लावण्यास सुरुवात केली. वाहनतळ रिकामे आणि रस्ते भरलेले, ही स्थिती मोडण्याचा तो प्रयत्न होता. दिल्लीत त्याच वर्षी वाहनतळ व्यवस्थापनाचे स्वतंत्र नियम लागू झाले. प्रत्येक गल्लीचा सुटा विचार न करता संपूर्ण वस्तीचा वाहनतळ आराखडा तयार करावा आणि आपत्कालीन वाहनांसाठी वाट मोकळी ठेवावी, असा या नियमांचा रोख आहे. ही दृष्टी अधिक शहाणपणाची म्हणावी लागेल. एका गल्लीत मनाई केली, की तेथली वाहने शेजारच्या गल्लीत जातात आणि पुढच्या महिन्यात त्या गल्लीचा अर्ज येतो. प्रभाग समित्यांचा पुष्कळ वेळ या पाठशिवणीच्या खेळात जातो.

पुण्यातच वेगळा विचार रुजू लागल्याची एक खूण ११ डिसेंबर २०२१ रोजी दिसली. त्या दिवशी महानगरपालिकेने 'पादचारी दिन' पाळला आणि गजबजलेल्या लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांसाठी बंद ठेवून चालणाऱ्यांना मोकळा करून दिला. एका दिवसाने वाहतूक सुधारत नाही. पण गाडी नसलेला रस्ता कसा दिसतो, हे दुकानदारांना व गिऱ्हाइकांना प्रत्यक्ष पाहता आले. समितीपुढच्या शंभर पानी अहवालापेक्षा ते अधिक बोलके होते.

ठराव मंजूर झाला म्हणजे काम झाले, असे मात्र नाही. तो आयुक्तांकडे अंमलबजावणीसाठी जातो. खर्चाची तरतूद आहे का, हे पाहिले जाते; काम मोठे असेल, तर निविदा निघते आणि ती स्थायी समितीपुढे येते. ठराव कायद्याशी विसंगत आढळला, तर राज्य शासन तो निलंबित किंवा विखंडित करू शकते. फलक लागतो, पट्टे रंगवले जातात, दोन पावसाळ्यांत रंग उडतो आणि अंदाजपत्रकात पुन्हा रंगाची तरतूद शोधावी लागते. देखभालीचा हा खर्च मूळ ठरावात क्वचितच कोणी विचारात घेतो.

समितीच नसेल तर काय होते, याचाही अनुभव पुण्याने घेतला आहे. मार्च २०२२ मध्ये तेथील नगरसेवकांची मुदत संपली. निवडणुका लांबल्या आणि पुढील काही वर्षे सर्व समित्यांचे अधिकार प्रशासक म्हणून एकट्या आयुक्तांकडे राहिले. या काळात निर्णय काही वेळा झपाट्याने झाले, हे नाकारता येणार नाही. परंतु आपल्या गल्लीचा विषय कोणत्या सभेत, कोणाच्या तोंडून मांडायचा, हे नागरिकाला कळेनासे झाले. अधिकाऱ्याला भेटायचे, तर दुपारी ठरलेल्या वेळी कार्यालयात जायचे. रोजंदारीवर काम करणाऱ्याला त्या भेटीची किंमत एका दिवसाच्या मजुरीइतकी पडते. नगरसेवक निदान सकाळी चहाच्या टपरीवर तरी सापडतो.

एखाद्या रस्त्याबाबत नेमके काय ठरले, हे ज्याला जाणून घ्यायचे असेल, त्याने तोंडी बातम्यांवर विसंबण्याचे कारण नाही. सभांचे इतिवृत्त व ठराव नगरसचिव कार्यालयात जतन केलेले असतात. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ नुसार साध्या कागदावर अर्ज करून व दहा रुपये शुल्क भरून त्यांची प्रत मागता येते. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला हे शुल्कही पडत नाही. साधारणपणे तीस दिवसांत उत्तर देणे माहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. अर्जात रस्त्याचे नाव, प्रभागाचा क्रमांक आणि सभेचा महिना लिहिलेला असला, तर प्रत लवकर सापडते.